मेहुण्यांचा बाल्क

अर्ध्यावर सोडलेल्या गोष्टीचा आमच्या मेहुण्यांइतका पक्का वैरी अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. माणूस चिडला, विसरला, तासभर उशिरा आला, तरी त्यांची तक्रार नसे. पण त्यानं काही करायला घेतलं आणि मध्येच हात आखडला, की त्यांचा चेहरा मयतीला निघाल्यासारखा गंभीर होई आणि ते हलक्या आवाजात म्हणत, “बाल्क.” हा शब्द बेसबॉलचा. मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. अंबडच्या एका शाळेत ते खेळाचे शिक्षक होते, आणि जिथं बॅट म्हटलं की लोकांना फक्त क्रिकेट आठवतं तिथं त्यांनी सगळी नोकरी पोरींना बेसबॉल शिकवण्यात घालवली.

शाळेमागच्या मैदानावर मुरमाचा उंचवटा करून त्यांनी त्यावर जुन्या टायरची पट्टी ठोकली होती. त्या पट्टीवर पाय ठेवून चेंडू फेकते ती पिचर. बाकीचे नियम ते पोरींना खेळता खेळता शिकू देत. बाल्क मात्र चेंडू हातात देण्याआधीच शिकवत. समोरच्या संघाची पोरगी बेसवर पळायच्या तयारीत उभी असते, तिला हूल द्यायची नाही, एवढंच त्यातलं सार. दोन्ही हात छातीशी आणून पिचरनं आधी पुरतं थांबायचं. एकदा फेकायला सुरुवात केली की ते पुरं करायचं. फेकायचं नसेल, तर सुरुवात करण्याआधी पाय पट्टीच्या मागं घ्यायचा, म्हणजे ती मोकळी. यात चुकलं की तो बाल्क, आणि पळणारीला एक बेस फुकट मिळतो. नव्या पोरींना हे थांबणंच जमत नसे; हात छातीशी आले न आले की चेंडू सुटलेला असे. मग मेहुणे उंचवट्याजवळ जाऊन शांतपणे सांगत, “थांबल्यासारखं करू नको. थांब.”

हे मैदानापुरतं राहिलं असतं तर आम्ही सुखात नांदलो असतो. भाजीबाजारात मी एखादं वांगं पिशवीत टाकून पुन्हा ढिगावर ठेवलं, की पाठीमागून आवाज येई, “दाजी, बाल्क.” राजूरकडची एक मंडळी त्यांच्या पुतणीला बघून गेली आणि महिनोन्महिने ‘कळवतो, कळवतो’ करत राहिली. शेवटी मेहुण्यांनीच त्यांना फोन करून जयभीम घातला आणि तुमचा बाल्क झाल्यामुळं आमची पोरगी पुढच्या बेसवर गेलीय, असं सांगून टाकलं. त्या मंडळींना काय उमगलं असेल ते त्यांनाच ठाऊक. एकदा आम्ही त्यांच्या स्कूटरवरून जालन्याला लग्नाला निघालो होतो. चौकात चुकून उलट्या बाजूचा हात दाखवला गेला. मागच्याला हूल दिल्यासारखं होईल म्हणून ते खरोखरच तिकडं वळले, आणि तीर्थपुरीच्या रस्त्यानं बरंच पुढं गेल्यावर जागा बघून परत फिरले. लग्नात आमच्या वाट्याला गार भात आला. तोही त्यांनी समाधानानं खाल्ला.

माझी मुलगी प्रज्ञा ही त्यांची सगळ्यात लाडकी पिचर. शाळेच्या शेवटच्या वर्षी तिचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचला. जिंकले तर विभागाला जाणार, हरले तर तिचं शाळेचं खेळणं तिथंच संपणार. शेवटचा डाव, दोन्हीकडं गुण सारखे, आणि समोरची पोरगी तिसऱ्या बेसवर, म्हणजे जिथं पोचलं की गुण मिळतो त्या शेवटच्या बेसपासून, ‘घरा’पासून, एकाच बेसच्या अंतरावर. प्रज्ञानं हात छातीशी आणले आणि न थांबता चेंडू फेकला. बॅटवाली चुकली, ती बाद झाली, गुण वाचला म्हणून आमच्या पोरी नाचायला लागल्या. पंचाच्या काही ध्यानात आलं नव्हतं. मेहुणे मात्र संथपणे चालत त्याच्याकडं गेले आणि बाल्क झाला म्हणाले. पंच त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिला.

“सर, पोरगी तुमचीच हाय ना?”

“माझीच हाय. म्हणून तर दिसलं.”

तिसऱ्या बेसवरची पोरगी चालत घरी आली आणि सामना गेला. प्रज्ञा त्या दिवसापासून मामाशी बोलेना. ते दर रविवारी आमच्याकडं येत, ती आतल्या खोलीत जाऊन बसे, आणि ते बंद दाराकडं बघत चहा पीत. मला दोघांचाही राग येई आणि दोघांचंही पटे. एकदा ते मला म्हणाले, “दाजी, मी बोललो ते बराबर होतं. पण आधी तिच्याजवळ जायला पाह्यजे होतं. मी सरळ पंचाकडं गेल्तो.” हे तिला सांगा, असं मी म्हटलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि चपला घातल्या.

मेहुण्यांची बायको, आमच्या वहिनी, वारल्यावर त्यांच्या मुलानं त्यांना कायमचं पुण्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी प्रज्ञा आमच्याबरोबर आली नाही. अंबडच्या स्टँडवर बस लागली, सामान चढलं, मेहुण्यांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि तसेच अडकले. मान फाटकाकडं वळलेली, दुसरा पाय जमिनीवर. कंडक्टर जल्दी करा म्हणत होता. तेवढ्यात फाटकातून प्रज्ञा पळत आली आणि धापा टाकत त्यांच्यासमोर उभी राहिली.

“मामा, बाल्क होऊन राह्यला. पाय मागं घ्या.”

त्यांनी मुकाट्यानं पाय खाली घेतला. मग विचारलं, “तुला दिसला व्हय?”

“माझेच मामा ना तुम्ही. म्हणून तर दिसलं.”

मेहुण्यांनी दोन्ही हात छातीशी आणले. लोकांना वाटलं, म्हातारा सगळ्यांचा निरोप घेतोय. मला आणि प्रज्ञाला मात्र माहीत होतं की ते थांबलेत, पुरते थांबलेत. मग ते बसमध्ये चढले आणि खिडकीशी बसून, बस वळेपर्यंत, पोरीकडं बघत राहिले. मी रडलो, त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही.

आता रविवारी फोन येतो आणि मामा-भाची इतकं बोलतात की माझा नंबर लागत नाही. पण अंबडात बाल्क म्हणणारं कोणी राहिलं नाही. परवा बाजारात मी एक वांगं पिशवीत टाकलं, किडकं वाटलं म्हणून परत ठेवलं, आणि सवयीनं मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं. मी ते वांगं पुन्हा उचललं आणि घरी घेऊन आलो.