लोंबकळेकाकांचे अकरा किलो

कारखान्यात सगळे त्यांना लोंबकळेकाका म्हणत. हे आडनाव घराण्याने दिलेले नव्हते, कामाने दिले होते. तिथे माल उंच चढवणारे रबरी पट्टे बनत, शिडीसारखे जवळजवळ उभे चालणारे. नुसत्या गुळगुळीत पट्ट्यावरून बटाटे वर जात नाहीत, अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतात. म्हणून त्यावर तळहाताएवढ्या उंचीच्या रबरी पायऱ्या आडव्या चिकटवायच्या. आणि त्या पक्क्या चिकटल्या आहेत की नाहीत, हे ठरवायचे काकांनी.

त्यांची पद्धत साधी होती. पट्ट्याचा एक तुकडा भिंतीवरच्या चौकटीत उभा आवळायचा, पायरी दोन्ही हातांनी धरायची, पाय उचलायचे आणि तीसपर्यंत मोजायचे. पायरी टिकली तर माल पास. काकांचे वजन ब्याऐंशी किलो, आणि पायरीने ऐंशी पेलायला हवे होते. बावीस वर्षे असेच चालले. तक्रार एकही नाही.

मग एके दिवशी बटाटे धुण्याच्या कारखान्याचे पत्र आले. सकाळच्या एका पाळीत चौदा पायऱ्या सुटल्या होत्या. वर गेलेले सगळे बटाटे एकदम खाली आले आणि तिथले सुपरवायझर धुण्याच्या हौदात बसते झाले.

मालकांनी काकांना बोलावून घेतले. तुम्ही लोंबकळला होतात ना, असे विचारले. तीस आकडे, शिवाय सवयीने दोन जास्त, असे काकांनी सांगितले. मालकांनी कपाळ चोळले. गुरुवारी त्या कारखान्याच्या तपासणीच्या बाई येणार होत्या. त्यांचे समाधान झाले नाही, तर मालक चाचणीचे यंत्र घेणार आणि काका पॅकिंगमध्ये जाणार. स्टुलावर बसून खोकी बांधायची. ज्या माणसाचा सगळा रुबाब जमिनीपासून हातभर वर होता, त्याला आता जमिनीवर उतरायचे होते.

बुधवारी काकांनी नवा तुकडा चौकटीत आवळला आणि गोदामवाल्याला साक्षीला उभे केले. पायरी धरली, पाय उचलले. सतरा म्हणेपर्यंत त्यांची पँट घोट्यापर्यंत खाली आली होती.

गोदामवाल्याने शांतपणे पाहून घेतले. म्हणाला, "काका, पायरी जागेवर आहे. तुम्हीच उतरलाय."

पँट सावरत काका गोदामातल्या काट्यावर चढले. एकाहत्तर. उतरून पुन्हा चढले. एकाहत्तरच. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले होते आणि काकूंनी ते मनावर घेतले होते. काकू एखादी गोष्ट मनावर घेत तेव्हा तेलसुद्धा थेंबाने मोजत. अकरा किलो गेले कधी ते कळलेच नाही, कारण कंबरेचा पट्टा काका भोके संपेपर्यंत एकेक भोक आत घेत गेले होते आणि पट्टाच सैल झाला म्हणत होते. म्हणजे पायरीवर एकाहत्तर किलो टांगून ते ऐंशीचा शिक्का मारत होते.

घरी हे सांगितल्यावर काकूंनी हातातले भांडे खाली ठेवले. "म्हणजे तो माणूस हौदात पडला तो माझ्यामुळे?"

तसं नाही, काका म्हणाले. पण काकूंना ते पटले नाही. आपली बाजू मांडायला काकू गुरुवारी स्वतःच कारखान्यात हजर झाल्या.

बाई आल्या. मालक लांबण लावून बोलू लागले, तेव्हा काकाच पुढे झाले. "बाई, चूक तपासणाऱ्याची आहे. तपासणाराच अकरा किलो कमी भरलाय."

बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि पुरेशा वजनाने चाचणी करून दाखवा म्हणाल्या. गोदामवाल्याने वाळूची गोणी सुचवली. काकांनी नाक मुरडले. पायरी सुटण्याआधी बारीक कुरकुरते, ते बोटांना कळते, गोणीला काय कळणार?

काकूंनी पर्स मालकांच्या हातात दिली आणि चपला काढल्या. "मी लोंबकळते. पण आकडा कुणी विचारायचा नाही."

कुणी विचारला नाही. नवव्या मोजणीला पायरी सुटली आणि काकू पडणाऱ्यासाठी खाली रचलेल्या स्पंजच्या ढिगात जाऊन बसल्या. काका धावले ते थेट पायरीकडे. आधी बायकोला उठवायला हवे होते हे त्यांना घरी गेल्यावर सविस्तर समजावण्यात आले. पण त्या क्षणी त्यांचा चेहरा उजळला होता. सगळा गोंद पट्ट्यावर राहिला होता आणि पायरीची पाठ आरशासारखी स्वच्छ होती. पायऱ्यांचा हा नवा साठा साच्यातल्या तेलासकट आला होता. तेलावर गोंद काय धरणार? आणि ब्याऐंशी किलोंचे काका असते तर हे पहिल्याच दिवशी उघडकीला आले असते.

तेल पुसून, पाठ कानशीने खरवडून, गोंदाचे दोन हात देऊन नवी पायरी बसवली आणि दिवसभर दाबून ठेवली. शुक्रवारी बाई पुन्हा आल्या. काकू लोंबकळल्या. काका तीसपर्यंत मोजून सवयीने पुढे दोन मोजू लागले, तेव्हा वरून "पुरे झालं हं" असे ऐकू आले. पायरी हलली नाही.

बाईंनी फॉर्म भरला. वजनाच्या रकान्याशी पेन थबकले. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. बाईंनी 'भरपूर' असे लिहिले, खोडले आणि 'पुरेसे' असे लिहिले. मग अट घातली: तपासणारा दर सोमवारी काट्यावर चढेल आणि ब्याऐंशीच भरेल. मालकांनी यंत्राचे कॅटलॉग खणात टाकले.

परतताना काकांनी हळूच विषय काढला, की आता नाइलाज आहे, पूर्वीसारखं जेवावं लागणार. रविवारी काकूंनी शिवणयंत्र बाहेर काढले आणि जाड कापडाचे एक जाकीट शिवले. त्याला अकरा खिसे, प्रत्येकात एक किलो वाळू.

सोमवारी काका काट्यावर चढले आणि बरोबर ब्याऐंशी भरले. पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी आणखी दोन किलो उतरल्याचे कौतुक केले. काका खूश झाले नाहीत. त्यांना माहीत होते, घरी गेल्यावर काकू जाकिटाला दोन खिसे जास्त लावणार.