टक आवाज न करणारी केबल

दसऱ्याच्या सुट्टीनंतर पोशेऱ्याच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर सुरू केला, तर नेट गायब. ऑपरेटर मीच, म्हणजे शिव्या खाणारी पण मीच. समोर वरच्या पाड्यावरची एक पोरगी आईला घेऊन बसलेली. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म पाच वाजता बंद होणार होता, आणि दोन तर वाजून गेले होते. मोबाइलवर भरून पाहिला, तो फोटोपाशीच अडकत होता.

राउटरचे दिवे मात्र झकास लुकलुकत होते. माझ्या फोनला त्याचंच वायफाय मिळत होतं. फक्त कॉम्प्युटर म्हणत होता, केबल जोडलेलीच नाही. म्हटलं, डोळे फुटलेत का तुझे? राउटर बंद-चालू केला, कॉम्प्युटर बंद-चालू केला, कपाटातून दुसरी केबल काढून लावली. काही नाही. वायरी ओढणाऱ्या माकडांना आणि केबलवाल्याला शिव्या घालून झाल्या, मग मी शिपाईकाकांवर घसरले, की झाडताना तुम्हीच काहीतरी ओढलंत.

काका शांतपणे म्हणाले, "मला बोलून झालं, वांदरांना बोलून झालं, केबलवाल्याला बोलून झालं. आता कोन ऱ्हायलं?"

पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, राउटरला लावताना टक वाजतं. इकडं वाजत नाय."

खरंच की. कॉम्प्युटर फिरवला, मागच्या भोकात टॉर्च मारला. आत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा घट्ट बसलेला. खंडेनवमीला केबली काढून, पुसून, मीच पूजा केली होती. आमच्या शेतातल्या, लवकर पिकणाऱ्या नव्या हळव्या भाताच्या अक्षता, आणि कुठे कमी नको म्हणून मागूनही मूठभर टाकलेल्या. अशी लाज वाटली म्हणून सांगू! काकांची सगळ्यांसमोर माफी मागितली. ते म्हणाले, "देवाला पोचलं, नेटला नाय पोचलं," आणि चहा ठेवायला गेले.

कॉम्प्युटर बंद केला. पोरीने आईच्या बांगडीतली पिन घेऊन दाणा अलगद काढला. केबल लावली, टक वाजलं.

फॉर्म गेला तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. पावती छापून आईच्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "हिचं नाव कुठं हाय?"

मी बोट ठेवून दाखवलं. तिने तिथे आपलं बोट ठेवलं आणि मला म्हणाली, "आता तुमी बोट काढा."