तीन कपांचा ठराव

अकरावीच्या मुलांना कॉलेजातलं संख्याशास्त्र शिकवायचं, हे आमच्या हेडमास्तरांनी एका सोमवारी ठरवलं आणि मंगळवारी मला सांगितलं. मी तेव्हा लालबागच्या एका शाळेत गणित शिकवत होते. गिरगावातून ट्रामने यायची, येताना दिवसभराच्या कामांची यादी करायची. त्या दिवशीच्या यादीत 'संख्याशास्त्र : पुस्तक मिळवणे, आधी स्वतः शिकणे' एवढी भर पडली.

पुस्तक कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं मिळालं. त्यातली सगळी उदाहरणं मेंढ्यांची आणि बार्लीची. बार्ली आमच्या मुलांना फक्त आजारी माणसाच्या पेल्यात ठाऊक. संभाव्यतेच्या धड्यात नाणी उडवायची होती, पण ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा संचारबंदी. पहिल्याच तासाला एकाने विचारलं, "बाई, उद्या शाळा भरण्याची संभाव्यता किती?" मी फळ्यावर लिहिलं : एक द्वितीयांश. दुसऱ्या दिवशी शाळा अर्धाच दिवस भरली. मुलांना वाटलं, शास्त्र फारच अचूक आहे.

वर्गात नऊजण टिकले. त्यांतल्या एका मुलीसाठी मला हा वर्ग धड पार पाडायचा होता. तिचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, घर मूळचं मालवणकडचं. वर्गमुळं ती तोंडी काढायची. गावाहून तिच्यासाठी स्थळ आलं होतं आणि परीक्षा झाली की वैशाखात लग्न, असं ठरत आलं होतं. त्याच वेळी फोर्टातल्या एका कचेरीला आकडेमोडीसाठी मुली हव्या होत्या. अट एकच : उमेदवाराने स्वतः एक पाहणी केलेली असावी आणि शिक्षण खात्याच्या इन्स्पेक्टरने तसं लिहून द्यावं. वडील म्हणाले होते, "चिठी मिळाली तर नोकरी. नाय तर लगीन." इन्स्पेक्टरसाहेब महिनाअखेरीला यायचे होते.

हेडमास्तरांनी बजावलं, "पाहणीचा विषय निरुपद्रवी हवा. राजकारण नको, पगार नको, पाणी तर नकोच." मी सहा विषयांची यादी दिली. त्यांनी पाच खोडले. उरला चहा. माणूस दिवसाला किती कप चहा पितो? शाळेमागच्या चाळीत विचारायचं. मुलगीही त्याच चाळीतली.

पुस्तकात लिहिलं होतं की सगळ्यांना विचारू नये, नमुना घ्यावा. आम्ही खोल्यांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहून बिस्किटांच्या डब्यातून वीस चिठ्ठ्या काढल्या. मुलं चाळीत गेली आणि पंधरा मिनिटांत परत आली. ज्यांचे नंबर निघाले नव्हते ते चिडले होते. "आमच्या घरात काय चाय नाय शिजत?" सगळ्यांना विचारल्याशिवाय कुणालाच विचारायचं नाही, असा निरोप होता. नमुना गेला. सगळ्या खोल्या धरल्या.

दुसऱ्या दिवशी मुलं पूर्ण तक्ते भरून आली. पहिल्या खोलीत तीन कप. दुसऱ्या खोलीत तीन. तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात एक म्हातारी राहायची, तिने मुलीलाच दटावलं होतं, "कित्या गे इचारतस? तीन म्हटलंय मां? मगे तीनच लिही." शेवटच्या खोलीपर्यंत तीन.

मी चाळ कमिटीच्या सेक्रेटरींना जाऊन भेटले. ते जिन्याखालच्या बाकावर बसून चहा पीत होते.

"बाई, त्याचं असं आहे," ते म्हणाले, "मागच्या महिन्यात एक माणूस कागद-पेन्सिल घेऊन आला. मोर्चाला कोण कोण गेलेलं, विचारत होता. तेव्हापासून कमिटीचा नियम. बाहेरचा काहीही विचारू दे, चाळीचं उत्तर एक."

"अहो, पण चहाचं?"

"चहाचंच मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त वाजलं. तळमजला म्हणाला दोन सांगा, नाही तर आपण ऐदी दिसू. वरचे म्हणाले पाच, नाही तर भिकारी दिसू. शेवटी तीनवर समेट. सूचक मी. एकमताने पास."

म्हणजे सरासरी त्यांनी माझ्याआधीच काढली होती.

"तुम्ही स्वतः किती पिता?"

"मी? आठ-नऊ होतात."

"मग तेच सांगा ना!"

"ते माझे, बाई. चाळीचे तीन."

पुस्तकातल्या पुढच्या धड्याचं नाव प्रमाण विचलन. सरासरीपासून आकडे किती लांब पसरलेत, त्याचं माप. आमचं माप शून्य आलं. मेंढ्यासुद्धा इतक्या एकमताने वागत नव्हत्या. हा तक्ता बघून कुठलाही इन्स्पेक्टर म्हणणार, घरी बसून भरलाय.

तेव्हा मी जे केलं ते आज सांगायला बरं वाटत नाही. मी एक यादी केली. एक, दोन, दोन, तीन, पाच, चार, असे पटतील असे आकडे, खोलीच्या नंबरांसमोर. मधल्या सुट्टीत ती मुलीच्या हातात दिली.

तिने वाचली. "बाई, हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पण खरं साधारण असंच असणार."

"सेक्रेटरीकाकांसमोर दोन लिहिलेत."

"मग नऊ कर."

"काका तीन म्हणाले. मी तीन ऐकले." तिने यादी माझ्या टेबलावर ठेवली. "चिठी नाही मिळाली तर नाही मिळाली."

तिला वैशाखाचं माझ्याहून जास्त माहीत होतं. मी यादी फाडून टाकली.

इन्स्पेक्टरसाहेब आले ते कोट घालून, पोटावर हात ठेवून. पित्ताचा त्रास, त्यामुळे चहा बंद, हे त्यांनी हेडमास्तरांना दारातच सांगितलं. मुलीने फळ्यावर आलेख काढला. तीनच्या डोक्यावर एकच उंच खांब, बाकी फळा रिकामा.

"विचलन?"

"शून्य, साहेब."

"शून्य!" ते माझ्याकडे वळले. "बाई, माणसं म्हणजे काय विटा आहेत? हे वर्गात बसून भरलंय."

"नाही, साहेब," मुलगी म्हणाली. "चाळ मागेच आहे. तुम्हीच विचारा."

मला वाटलं, झालं, संपलं. पण साहेबांनी खरंच टोपी उचलली.

आम्ही सगळे निघालो : साहेब, हेडमास्तर, मी, मुलगी तक्ता घेऊन. सेक्रेटरी पुढे. चाळीला एवढंच कळलं की सरकारी साहेब चहाचं विचारायला आलेत. पहिल्या दारात साहेबांनी प्रश्न विचारला, आतून "तीन" आलं आणि पाठोपाठ कपबशी आली.

"मी घेत नाही," साहेब म्हणाले.

"असं कसं साहेब? चाळीची पद्धत आहे."

दुसऱ्या दारात तीन, आणि कपबशी. पहिल्या घरचा घेतला आणि आमचा नाही, हे तिथे चालण्यासारखं नव्हतं. पाळीची वेळ, म्हणून बरीच दारं बंद होती; उघड्या दर दाराशी साहेब प्रश्न आणखी हळू विचारू लागले. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी कोट काढून हेडमास्तरांकडे दिला. कोपऱ्यातल्या म्हातारीने "तीन" म्हणून चहात आल्याचा तुकडा ठेचून घातला, "पित्ताक बरां" असं सांगून पाजलाच. तिसऱ्या मजल्याच्या अर्ध्यात साहेबांनी हात जोडले.

"पुरे. ही माणसं खरंच तीन सांगतात."

वर्गात परत आल्यावर ते बराच वेळ खुर्चीत टेकून बसले. मुलगी फळ्यापाशी गेली आणि खांबापासून लांब, पार उजव्या कडेला तिने एक ठिपका दिला.

"हा कोण?" साहेबांनी विचारलं.

"आपण, साहेब. अकरा."

हेडमास्तरांनी डोळे मिटले.

"मोजलेस?"

"दर दाराशी. आता विचलन शून्य नाही. काढून दाखवू?"

"काढ."

तिने काढलं. साहेबांनी मागे बसून कागदावर पडताळलं, एकदा चुकले, तिने चूक दाखवली. मग त्यांनी शाळेच्या वहीत शेरा लिहिला की हा वर्ग पुढील वर्षी चालवू नये. आणि वेगळ्या कागदावर, तीच शाई वापरून, लिहिलं की या मुलीने पाहणी स्वतः केली असून ती ऐकते ते लिहिते आणि बघते ते मोजते. सही केली आणि घाईघाईने मोरीची वाट विचारली.

वर्ग बंद झाला. पुस्तक मी कॉलेजात परत केलं.

आठवड्याने मुलीचे वडील पहिली पाळी संपवून सरळ शाळेत आले, केसांत कापसाचे तंतू तसेच. हातात एक कोरं पोस्टकार्ड होतं. गावाला कळवायचं होतं आणि माझं अक्षर बरं, असं लेकीने सांगितलं होतं.

"लिवा बाई. चेडवाक नोकरी लागली. फोर्टात. सोमवारपासून."

मी लिहिलं. "आणि लग्नाचं?"

त्यांनी पोस्टकार्डावर किती जागा उरली ते वाकून पाहिलं.

"त्यांनी इचारल्यार बघूया," ते म्हणाले. "आता पत्तो लिवा."