सासऱ्यांचा चेहरा आणि सोसायटीचं फाटक

माझ्या सासऱ्यांचा चेहरा मी चोरला, असं ते आजही चारचौघांत सांगतात. आणि ते खोटं बोलत नाहीत.

सावेडीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकावर चेहरा ओळखणारं मशीन बसलं. सेक्रेटरी मीच (दुसरं कोणी तयार नव्हतं). प्रत्येकाची लेखी परवानगी घेऊन फोटो भरा, असं मशीनवाला म्हणाला. पण घरोघर जिने कोण चढणार? मी गणपतीच्या आरतीचे फोटो उघडले आणि दिसतील तेवढे चेहरे भरून टाकले. मेहुणीच्या लग्नातला सासऱ्यांचा फोटोही घातला. म्हटलं, खूश होतील.

सासरे शनिशिंगणापूरचे, तिकडे घराला दारच नसतं. लेकीने दोन वर्षं विनवण्या केल्या, तेव्हा कुठे आठ दिवस राहायला आले. मी फाटकाबाहेर स्वागताला उभा. मशीनने त्यांचं नाव घेतलं, "स्वागत आहे" म्हटलं आणि फाटक उघडलं.

सासरे जागीच थांबले. "ह्याला माजं नाव कोनी सांगितलं?"

"मी. तुमचा फोटो घातलाय त्यात."

"मला इचारलं हुतं?"

"अहो दादा, तुम्ही घरचेच की."

"आमच्याकडं दारं न्हाईत जावईबापू, पर इचारल्याबिगर कोनी आत येत न्हाई. माजं त्वांड काढा त्यातनं, न्हाईतर ह्यो मी चाललो."

तोवर फाटक बंद झालं. आतल्या बाजूला बायको, सुनंदा, आली. तिच्यामागे निम्मी सोसायटी.

"माझाही घातलात? कुठला?" सुनंदाने विचारलं.

"आरतीचा."

"त्यात माझे डोळे मिटलेत!"

शेजारच्या काकूंनी स्वतःचा कुठला, ते विचारलं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

चेहरा काढायचा तर आधी सेक्रेटरीचा दाखवावा लागतो. मी ऐटीत उभा राहिलो. मशीन म्हणालं, "अनोळखी व्यक्ती." चष्मा काढला. "अनोळखी व्यक्ती." स्वतःचा फोटो मी पंधरा वर्षांपूर्वीचा घातला होता, डोक्यावर केस असलेला.

सासऱ्यांनी पिशवी उचलली. सुनंदाचे डोळे भरून आले आणि मला पहिल्यांदाच मनापासून लाज वाटली. तिने मात्र मशीनचा प्लग उपटला, फाटक हाताने ढकललं आणि म्हणाली, "दादा, येता का आत?"

"आता येतो की," म्हणत ते आत गेले. मी मागोमाग निघालो, तर ते फाटक धरून उभे. "सुनंदे, ह्यांना घ्यायचं का आत?"

"थांबा दादा. सगळ्यांना विचारते."

आणि तिने खरंच एकेका घराला विचारलं. सगळी घरं हो म्हणाली. नाही म्हणालं ते एकच, आमचं.