बाजरीचं पीठ कडू का होतं

पन्नासच्या दशकात पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकात मला औषधाच्या बाटल्या भरायचं काम मिळालं. शेतकऱ्याच्या घरची सून कारखान्यात जाते, हे सासूबाईंना मुळीच पटलं नव्हतं. रोज पहाटे जात्यावर बसले तर कारखान्यातल्या पहिल्या पाळीला उशीर व्हायचा, म्हणून मी शहाणपणा केला. दापोडीच्या गिरणीतून पंधरा दिवसांची बाजरी एकदम दळून आणली.

आठवड्याभरात भाकरी कडू लागायला लागली. सासूबाईंनी घास परत ताटात ठेवला.

"दिसभर हात औषधात. भाकर कडूच व्हनार. ह्यो महिना भरला की काम सोड."

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन दोनदा हात धुते, आणि दोष माझ्या हातांना! डब्यातलं कोरडं पीठ जिभेवर ठेवलं, तर कडू. कणगीतले दाणे चावून पाहिले, तर चांगले गोड. म्हणजे हात सुटले, दाणाही सुटला. मग कडूपणा आला कुठून? नसत्या चौकशा करायची मला लहानपणापासून खोड. दुसऱ्या दिवशी मूठभर बाजरी पदराला बांधून नेली आणि कारखान्यात औषधं तपासणाऱ्या बाईंपुढे ठेवली.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी दाणे भिजत घातले, जेवणाच्या सुट्टीत ब्लेडनं एक उभा चिरला आणि भिंग माझ्या हाती दिलं.

"वरचा हा कोंडा, पोट साफ ठेवतो. मधला पांढरा भाग पिठाचा, कामाला बळ देणारा. आणि टोकाशी पिवळसर ठिपका दिसतोय ना, तो अंकुर. तेल आणि बरंचसं सत्त्व तिथं. दाणा अख्खा असतो तोवर तेल झाकलेलं राहतं. दळलं की हवा लागते आणि ते खवट होतं."

"मग अंकुरच काढून टाकला तर?"

"पीठ टिकेल. पण खाणाऱ्याला काय मिळेल?"

जन्मभर बाजरी खाल्ली आणि तिच्या आत काय असतं ते त्या दिवशी पाहिलं. इतका आनंद झाला की राग कुठल्या कुठे गेला.

संध्याकाळी भिंग मागून घरी आणलं. दारातल्या उजेडात सासूबाईंना तसाच दाणा चिरून दाखवला, सगळं सांगितलं. दर दोन-तीन दिवसांनी ताजं दळायला हवं, हेही कबूल केलं. ते कामाची पाळी सांभाळून जमणार नव्हतं. नोकरी गेली, असंच मी मनाशी धरलं होतं.

सासूबाईंनी भिंग सोडलं नाही.

"तीस वर्सं रोज पहाटं दळलं म्या," त्या म्हणाल्या. "रोजच का दळायचं, ते कुनी सांगितलं न्हाई."

मग त्यांनी स्वतःच दुसरा दाणा चिरायला घेतला.

"दळनाचं मी बघते. तू उद्या कामावर गेलीस की त्या बाईस्नी इचार, ज्वारीचं पीठ असं लवकर कडू का व्हत न्हाई?"