बसऱ्याला गेलेला बाप

दारावर थाप पडली की आमचा शेजारी दार वीतभरच उघडायचा, एका डोळ्याने बाहेर बघायचा आणि विचारायचा, "कावून?" म्हणजे कशासाठी. कोण आहे, काय काम आहे, हे सगळं नंतर. माझी बायको एकदा दिवाळीचा फराळ घेऊन गेली, तर ताटाकडे बघूनही त्याने तेच विचारलं. ती ताट तसंच परत घेऊन आली आणि चार दिवस राग माझ्यावर काढत राहिली.

दुर्गजवळच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, कॅम्प-1 मध्ये, आमच्या खोल्या एकाच रांगेत होत्या. मी तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर. तो भंडाऱ्याकडचा, कारखान्याच्या बांधकामावर रिगर; म्हणजे लोखंडाचे अवजड भाग वायररोपने बांधून क्रेनला अडकवून देणारा. रोपावर तपासणीचा शिक्का असला तरी हा तो स्वतः चाचपून बघितल्याशिवाय वापरायचा नाही. कारखाना उभारायला आलेल्या एका रशियन साहेबाने खूश होऊन त्याला सिगारेट दिली, तर साहेबाची अर्धी ओढून होईपर्यंत याने आपली पेटवली नाही. असा माणूस तुमच्याही शेजारी कधीतरी राहिला असेल. आपण त्याला हसतो, पण तो आपल्याकडे बघायला लागला की उगाच आपलंच काही चुकलंय असं वाटतं.

एकसष्ट सालच्या जनगणनेत आमची रांग माझ्याच वाट्याला आली. कागद बघताच त्याने दार ओढून घेतलं.

"अहो, तुमचाच शेजारी आहे मी," मी बाहेरून म्हणालो.

"शेजारी हाय मनूनच तं इचारून राहिलो, गुरुजी. आमच्या गावात बी असेच लिवाले आले होते. मंग भरतीवाले आले न् बापाले इंग्रजांच्या पयल्या मोठ्या लढाईत बसऱ्याले घेऊन गेले. मी तवा मायच्या पोटात होतो. सरकार आधी लिवते, मंग नेते."

अखेर त्याने मला आत घेतलं. माय कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात काचेच्या बांगड्या. विवाहित की विधवा, या रकान्यापाशी माझी पेन्सिल थांबली.

"ते लिवू नोका," तो घाईने म्हणाला.

"अहेव लिवा, गुरुजी," मायने मान वर न करता सांगितलं. "मेल्याची खबर नाई आली अजून."

मी 'विवाहित' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत हजर. लिहिलेले कागद कुठे जातात, कोण ठेवतं, कुलूप कोणाकडे असतं? मी सांगितलं, बेरजा झाल्या की कागद रद्दीत जातात, नावं कोणी जपून ठेवत नाही. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मोजून फेकून देता? मंग मोजता कावून?"

मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. बाप मेला की पळाला, एवढंच त्याला हवं होतं. गावात लोक कुजबुजायचे की गड्याने तिकडेच घर केलं. मायला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, यावर बायका नाकं मुरडायच्या. त्याने पलटणीच्या दफ्तराला पूर्वी एक अर्ज लिहवून पाठवला होता, तर उत्तर आलं, या गावचा लहानू नावाचा शिपाई नाही. "दडवून राहिले," तो म्हणाला.

"लहानू हे पाळण्यात ठेवलेलं खरं नाव, की लाडाचं?"

गाव बापाला लहानूच म्हणायचं, आणि याच्याही कागदोपत्री बापाचं नाव म्हणून तेच चढलं होतं. खरं नाव सांगू शकतील अशी जुनी माणसं संपली होती. राहिली एक माय, आणि ती नवऱ्याचं नाव घेणार नव्हती. कितीदा विचारलं तरी तोंडाला पदर लावायची. त्याला वाटायचं, तीही काहीतरी लपवतेय. मला तसं वाटलं नाही. नाव सांगून शोध लावायचा म्हणजे तो मेला असेल हे कबूल करायचं, आणि ते तिच्याने होत नव्हतं.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला माझ्या बायकोने तिला हात धरून आणलं. नाकं मुरडणाऱ्यांना काय मुरडायचं ते मुरडू दे, म्हणाली. बायकांचे उखाणे सुरू झाले. तो बाहेर माझ्याशेजारी पायरीवर बसला होता, पन्ह्याचा पेला हातात तसाच. मायची पाळी आली. मग नव्या नवरीसारखा लाजरा, कापरा आवाज आला:

"बांधीत धान, बांधावर तूर,
सोनबाचं गाव नदीपल्याड दूर."

"सोनबा," तो पुटपुटला. चाळिशी ओलांडलेला माणूस आपल्या बापाचं नाव पहिल्यांदा ऐकत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "लिवा, गुरुजी." एवढंच. पन्हं पायरीवर सांडलं होतं.

सोनबाच्या नावाने मी पलटणीच्या दफ्तराला लिहिलेल्या अर्जाला पावसाळा संपता संपता उत्तर आलं. इंग्रजीत होतं, म्हणून तो माझ्याकडे घेऊन आला. सोनबा सापडला होता. लढाई संपल्यावर धडधाकट सुटला, मुंबईला उतरला, आणि त्याने रेल्वेचा पास मागून घेतला तो आपल्या मुलखाचा नव्हता. पार दुसऱ्या टोकाचा होता. पुढे काही नव्हतं.

मी दोनदा वाचून दाखवलं. मला वाटलं, आता हा म्हणेल, कागद खोटा आहे. आयुष्यात पहिल्यांदाच तो तसं म्हणाला नाही. कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"इंग्रजी तुमी वाचलं, गुरुजी. मले नाई समजलं."

आणि तो घरात गेला. मी दारात उभा होतो.

"माय, बाबा बसऱ्याच्या दवाखान्यात वारला. तापानं."

मायच्या हातातलं सूप खाली गेलं. मग तिने विचारलं, "मायासाठी काई बोलला होता का?"

"तुयं नाव घेतलं मने. कागदात लिवलं हाय."

तिने पदराने कपाळ पुसलं, हळूहळू, सगळं निघेपर्यंत. मग रडली. इतक्या वर्षांचं रडणं होतं ते, आणि मला त्या माणसाचा राग आणि माया एकदमच आली.

दहाव्याला आम्ही दुर्गला शिवनाथच्या घाटावर गेलो. कोण वारलं, म्हणून न्हाव्याने वस्तऱ्याला धार लावत तिथल्या बोलीत सहज विचारलं, "कोन गुजर गिस, भाई?"

"बाप," तो म्हणाला, आणि डोकं खाली घातलं.