आप्पांची ओळ

आमच्याकडे लग्नपत्रिकेत नाव कुठं छापलंय त्यावरून माणूस जेवून जाणार की नुसत्या अक्षता टाकून, हे ठरतं. म्हणून माझ्याच लग्नाची पत्रिका मी स्वतः टाइप करायला घेतली. कंपनीच्या ऑफिसात दिवसभर हेच तर करते, म्हटलं, त्यात काय एवढं! शहाणपणा नडतो तो असा.

वडील मी लहान असतानाच गेले. तेव्हापासून आई आणि मी निमोण्यात आप्पांच्या, म्हणजे थोरल्या चुलत्यांच्या घरात. कन्यादान आप्पा आणि काकीच करणार, हे न बोलता ठरलेलं. अडचण होती कवठ्याच्या मामाची. आप्पा आणि मामा साखर कारखान्याच्या निवडणुकीत समोरासमोर उभे राहिलेले, तेव्हापासून एकाच्या खाली दुसऱ्याचं नाव चालत नाही. मग मी डोकं लढवलं. शेजारी शेजारी दोन चौकटी केल्या. डावीत सगळ्यात वर मामा, उजवीत सगळ्यात वर आप्पा. कुणी कुणाच्या वर नाही की खाली नाही. स्वतःवरच खूश झाले मी.

शिरूरच्या प्रेसवाल्याला फाइल पाठवली, तर लगेच त्याचा फोन. "मॅडम, उघडंना ही. आमच्या कंप्युटरात जुनं एमएस ऑफिस हाय. जुन्या व्हर्जनमधी सेव्ह करून द्या." दिली करून. करताना स्क्रीनवर सूचना आली की मांडणीत काही बदल होऊ शकतो. असल्या सूचना कोण वाचतं? ओके दाबलं. प्रूफ मोबाइलवर आलं. त्यात मुहूर्त, तारीख आणि केडगावच्या मंगल कार्यालयाचा पत्ता तेवढा तपासला आणि अंगठा पाठवून मोकळी झाले.

गठ्ठा घरी आला. पहिली पत्रिका देवापुढं ठेवली, निम्म्या भावकीत वाटूनही झाल्या, आणि मग आप्पांनी चष्मा लावला.

जुन्या ऑफिसाला माझ्या शेजारशेजारच्या चौकटी झेपल्याच नव्हत्या. त्यानं उजवी उचलून डावीच्या खाली टाकली होती. वर मामा, मग मामाकडचे झाडून सगळे, मग 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली, आणि त्यांच्याही खाली, 'पार्किंगची सोय आहे'च्या जरासे वर, आमचे आप्पा.

"लंगोटातल्या पोरांच्या खाली मी?" आप्पा कडाडले. "त्या मामालाच बसवा पाटावर. मी येत न्हाई लग्नाला!"

धावत जाऊन लॅपटॉप आणला, फाइल उघडून त्यांच्यापुढं धरली. "आप्पा, हे बघा ना. माझ्याकडं तुम्ही वरच हाय."

त्यांनी नीट बघितलं. "तुझ्या कंप्युटरात हाय गं बाय मी वर. गावात खाली वाटलाय."

मी रडायलाच लागले. मला बघून आईही लागली.

काकी इतका वेळ आत भाकरी थापत होती. ती हात पुसत बाहेर आली आणि पत्रिका घेऊन वरपासून खालपर्यंत वाचली, मग लॅपटॉपातही डोकावली.

"तुमचं पोरांखाली तरी हाय," ती आप्पांना म्हणाली. "माझं कुठं हाय? ह्या छापलेल्यात न्हाई, आन् तिच्या कंप्युटरात बी न्हाई. व्हय गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिनं माझ्या वेण्या घातल्या, तापात उशाशी बसली, ती मला चौकटी आखताना एकदाही आठवली नव्हती.

"बसा तुम्ही रुसून," काकी म्हणाली. "ज्याचं नाव हाय त्यानं रुसावं. मी एकटी बसते पाटावर. पोरगी माझी हाय." आणि तव्यावरची भाकरी करपंल म्हणून ती आत निघून गेली.

आप्पांनी पत्रिका पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. मग खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर चढवली. "चल शिरूरला. ते डबडं बी घे संगं."

प्रेसमध्ये त्यांनी स्वतः उभं राहून सांगितलं. सगळ्यात वर, मधोमध, काकीचं पूर्ण नाव, तिच्या एकटीचं. मग ते प्रेसच्या कंप्युटरवर बघितलं, माझ्या लॅपटॉपवर बघितलं, स्वतःच्या मोबाइलवर बघितलं. एवढ्यावर भागेना, म्हणून शेजारच्या चहावाल्याच्या फोनवरही पाठवायला लावलं.

"सगळीकडं वरच हाय न्हवं ती?"

"वरच हाय, आप्पा."

"मग माझं टाका कुठं बी."